पोर जन्मले, डोके कांदा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडला चित्रकला शिकवणाऱ्या एका सरांनी बारा चित्रपद्यं केली आहेत. प्रत्येकात एक चारचौघांत न बसणारं पोर आहे: लोहचुंबकाचा मुलगा, मेणाची मुलगी, सावली हरवलेला, पाठीला दार असलेली. सूर काळ्या विनोदाचा. घरच्यांनी वाचून 'मुलांना असलं काय देता?' म्हटलं. मित्रांनी 'छान आहे' म्हटलं, पण हसलं कुणीच नाही. सरांनी १९९७ साली आलेलं टिम बर्टन या चित्रपट दिग्दर्शकाचं तेवीस चित्रपद्यांचं इंग्रजी पुस्तक वाचलं आणि तिथून हे सुरू झालं. आता ते विचारतात: मराठीत असलं चालतं का, माझ्या पद्यांना हसू का येत नाही, आणि छापायचं कसं?

सर, मी सव्वीस वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि मधूनमधून पद्यही जुळवते. तुमची बाराही पद्यं दोनदा वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. हसू का येत नाही ते मोठ्यानं वाचताना लगेच कळलं. पण आधी घरच्यांच्या प्रश्नाचं बघू, कारण तो तुम्हाला जास्त टोचलेला दिसतो.

'आपल्यात असलं नसतं' हे म्हणणाऱ्यांनी भोंडला आठवावा. पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि वेड्याच्या बायकोचं गाणं. ती लाडू करते, वेडा चेंडू समजून खेळायला घेतो. ती करंज्या करते, तो होड्या समजून पाण्यात सोडतो. असं करत करत शेवटच्या कडव्यात ती बिचारी झोपलेली असते आणि तो 'मेली मेली' म्हणून तिला जाळून टाकतो. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात आठ-नऊ वर्षांच्या आम्ही मुली हे टिपेच्या आवाजात म्हणायचो आणि लगेच 'खिरापत काय?' म्हणून ओरडायचो. कुणाच्याही आईनं आम्हाला समुपदेशकाकडे नेलं नाही. काऊ-चिऊची गोष्ट घ्या. पावसात भिजलेला कावळा दाराशी उभा आणि आतून चिऊताई 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' म्हणत त्याला ताटकळत ठेवते. आमची आजी ती गोष्ट कावळ्याला तव्यावर शेकायला बसवून संपवायची. चर्रर्र, असा आवाज काढून. आम्ही पुन्हा सांग म्हणायचो.

तेव्हा मालमसाला आपल्याकडे आहे. १९६३ साली विंदा करंदीकरांनी एटू लोकांचा अख्खा देशच वसवला, तिथे सगळंच विचित्र आहे आणि कुणीही त्याबद्दल माफी मागत नाही. तिकडे बंगालात सुकुमार राय यांनी बदक आणि साळिंदर जोडून एकच प्राणी केला, चित्रंही स्वतःच काढली. ते पुस्तक १९२३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी आलं. मराठीत कमी आहे ते एवढंच: विचित्र *पोर* मध्यभागी ठेवून, गंभीर चेहऱ्यानं, चित्रासकट सांगितलेलं पद्य. म्हणजे जागा रिकामी आहे. चांगलंय.

आता एक फरक नीट समजून घ्या, कारण तुमची अर्धी पद्यं तिथे घसरली आहेत. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी एक चित्रवही केली. बाजारातली मुलांची पुस्तकं त्यांना पसंत पडेनात, म्हणून. पुढच्या वर्षी ती छापली गेली आणि नंतरच्या आवृत्तीत तिच्यात भर पडली. त्यात काडेपेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते, अंगठा चोखणाऱ्याचे अंगठे शिंपी कात्रीनं कापतो, सूप नको म्हणणारा मुलगा पाचव्या दिवशी मरतो. ही *खोडकर* पोरं. त्यांनी काहीतरी केलं आणि त्यांना त्याची शिक्षा मिळाली. बर्टनची पोरं, तुमची पोरं, यांनी काहीच केलेलं नाही. ती फक्त तशी जन्माला आली. खोडकर पोराला शिक्षा झाली की हसू पोरावर पडतं. काहीच न केलेल्या पोराला शिक्षा झाली की हसू शिक्षा करणाऱ्यावर पडायला हवं. ते तिथे पडलं नाही तर पद्य नुसतं दुष्ट होतं.

अष्टावक्राची लोकप्रसिद्ध गोष्ट घ्या. बापानं गर्भातच शाप दिला, आठ ठिकाणी वाकडा जन्मला. जनकाच्या सभेत शिरला तर सगळे पंडित हसले. मग तोही हसला, त्यांच्याहून मोठ्यानं. का हसतोस, विचारल्यावर म्हणाला, मला वाटलं इथे ज्ञानी बसलेत, तुम्ही तर कातडंच बघता. आधी सभा हसते, मग पोर हसतं, आणि दुसऱ्या हसण्यानंतर सभेचं तोंड बघण्यासारखं होतं. तुम्हाला दर पद्यात हे दुसरं हसू शोधायचंय.

आणि म्हणूनच, सर, तुमची दोन पद्यं काढून टाका. जाड मुलीचं आणि तोतऱ्या मुलाचं. यमक चांगलं असूनही. का ते सांगते.

पंधराएक वर्षांपूर्वी इथल्याच एका शाळेत मला वाचनाला बोलावलं होतं. चौथीचा वर्ग. मी दातांनी नारळ सोलणाऱ्या मुलीचं पद्य वाचलं. दात इतके पुढे की पावसात हनुवटी कोरडी राहायची, वगैरे. वर्ग फुटला होता हसून. मीही खूश. तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक मुलगी होती. दुसऱ्या कडव्याला तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं हसतेय. पद्य संपलं, मी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, फळ्यावर चित्र काढून दाखवलं, मुलांनी प्रश्न विचारले. तिचा हात खाली आला नाही. तास संपून मी पायऱ्या उतरताना मागं बघितलं तेव्हा ती व्हरांड्याच्या नळावर होती, एका हाताच्या ओंजळीनं पाणी पीत होती, दुसरा हात तिथंच. ते पद्य मी फाडलं नाही. ड्रॉवरमध्ये आहे. नवीन काही लिहिलं की ते काढून शेजारी ठेवते.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. वर्गात जे पोर प्रत्यक्ष बसलेलं असू शकतं, ते पद्यात नाही. पुढे आलेले दात, चष्मा, रंग, वजन, अडखळणं, लंगडणं, काहीही नाही. पद्यातलं पोर अशक्य असलं पाहिजे. डोक्याच्या जागी कांदा, पोटात घड्याळ, पायाला मुळं. अशक्य असलं की प्रत्येक पोर त्यात स्वतःला बघू शकतं आणि कुणालाच बोट दाखवता येत नाही. तुमची मेणाची मुलगी आणि पाठीला दार असलेली, या दोघी म्हणूनच सगळ्यात जिवंत आहेत.

आता हसू न येण्याचं कारण. छंद.

तुमचं चुंबकाचं पद्य असं सुरू होतं: 'एक मुलगा होता ज्याच्याकडे लोखंड ओढलं जायचं, आणि त्यामुळे त्याचे मित्र त्याच्यापासून दूर पळायचे.' ओळी तोडल्या आहेत म्हणून ते पद्य दिसतं एवढंच. काळ्या विनोदाला ठोका लागतो. ठोका निर्दय असतो. लाडू असो की चिता, तो तसाच पडत राहतो. भोंडल्याचं तेच आहे. बाई जळतेय आणि टाळी चुकत नाही, म्हणून हसू येतं. मुक्तछंदात कवीची कणव दर ओळीला गळत राहते आणि वाचक आधीच गंभीर होऊन बसतो.

सगळ्यात सोपा ठोका सोळा मात्रांचा, आठ-आठ असा तोडलेला. 'हिरवे हिरवे गार गालिचे' कानात आहे ना? तोच. मराठी मुलांना तो आईच्या दुधाबरोबर मिळतो. तुमचा चुंबक त्यात बसवून बघितला:

खिळे, टाचण्या, सुया नि कात्री
भेटायाला येती रात्री.

मित्र दूर पळतात हे सांगावंच लागलं नाही. रात्री भेटायला कोण येतं ते सांगितलं, की दिवसा कोण येत नाही ते कळतं. दोन ओळींत काम झालं आणि पुढे पान मोकळं राहिलं.

तुम्ही पत्रात विचारलंय की तुमचं स्वतःचं एखादं पद्य कसं घडलं ते सांगा. तर हे घ्या. निफाडकडे एका नातेवाइकांकडे कांदा साठवायची चाळ बघताना सुचलं. आत अंधार, फटींतून उन्हाच्या पट्ट्या, आणि भाव चढायची वाट बघत पडलेला उन्हाळ कांदा. मामा म्हणाले, 'आत्ता विकला तर मातीमोल, दिवाळीपर्यंत ठेवला तर सोनं, आणि जास्त ठेवला तर कोंब.' मला ते मुलांबद्दल बोलल्यासारखं वाटलं.

लासलगावी घडले यंदा :
पोर जन्मले, डोके कांदा.

आई घेते कुशीत त्याला,
डोळ्यांचा मग होतो नाला.

आत्या रडली, मामी रडली;
'माया', म्हणती, 'केवढि जडली!'

गुरुजी म्हणती, 'गुणी लेकरू!
नाव पटावर नका हो धरू.'

बाप म्हणाला, 'थांबा थोडे,
भाव चढू द्या, घेइन जोडे.'

चाळीमध्ये बाळ ठेवले,
कुलुप लावुनी घरी जेवले.

कार्तिकात मग भाव कडाडे;
बाप धावला, उघडि कवाडे.

फटीत उरला कोंब कोवळा;
पोर निसटले, माळ मोकळा.

बाप बसोनी ढसढसा रडे;
कांदा नव्हता कुठेच तिकडे.

हे पद्य असं आलं नाही. सहाव्या जोडओळीच्या जागी आधी होतं:

हाय, बिचारे बाळ कोंडले,
आईचे मग हृदय फाटले.

मात्रा बरोबर आहेत. यमक चालवून घेण्याजोगं आहे. आणि ओळी मेलेल्या आहेत. 'हाय' आणि 'बिचारे' हे दोन शब्द म्हणजे वाचकाच्या हातात रुमाल देणं. एकदा रुमाल दिला की त्याला काही करायचं उरत नाही. महिनाभर त्या ओळी तशाच होत्या. मग एका रात्री आमच्याकडे सगळे जेवायला बसले आणि मी कुणालातरी हाक मारायला विसरले. तेव्हा 'घरी जेवले' आलं. कुलूप लावलं आणि जेवले. एवढंच. दुष्टपणा हा बहुतेक वेळा इतक्याच आकाराचा असतो, आणि त्याला वरण-भाताचा वास असतो.

तुमच्या बारा पद्यांत 'दुर्दैवी' चार वेळा, 'बिच्चारा' सात वेळा आणि 'एकाकी' पाच वेळा आलंय. पेन्सिलीनं गोल करून परत पाठवतेय. त्यांच्या जागी कचेरीतले, बाजारातले, शाळेच्या दप्तरातले शब्द आणा. पट, दाखला, भाव, कुलूप, पावती, सही. हे शब्द कोरडे असतात म्हणूनच बोचतात.

शेवटही वेगळा होता. पहिल्या खर्ड्यात पोर चाळीत सडलं आणि बापानं ते उकिरड्यावर टाकलं. मला तो मोठा धीट शेवट वाटत होता. ओळखीच्या सात-आठ मुलांना गच्चीवर वाचून दाखवला. ती हसली नाहीत, घाबरलीही नाहीत. त्यांना कंटाळा आला. एकानं सांगितलं, 'मरणार हे कळलंच होतं.' दुसरीनं विचारलं, 'पण कुलूप कुणी लावलं? बापानं की आईनं?' मुलांचं लक्ष कुठे असतं बघा. त्यांना प्रेतात रस नव्हता, गुन्हेगारात होता. मग मी बापाकडे वळले. आत्तापर्यंत सगळे रडले ते कांद्यामुळे. कांदा नसताना रडणारं कुणी आहे का? ते सापडल्यावर पद्य संपलं.

तुमच्या बारापैकी नऊ पोरं मरतात. फार झालं. तिसऱ्या पोरापासून वाचक फक्त 'आता कसा मरतो' एवढंच बघतो. एडवर्ड गोरी या अमेरिकन चित्रकार-लेखकानं १९६३ मध्ये सव्वीस अक्षरांना सव्वीस मुलं मारली, पण तिथे अक्षरमाला हाच सापळा आहे, आणि प्रत्येक पोराला एकच ओळ आहे. तुम्ही प्रत्येकाला दोन पानं देताय. इतका वेळ ज्याच्याबरोबर घालवला त्याला मारायचं तर कारण हवं. बारात दोन ठेवा. उरलेली निसटू देत, रुजू देत, चुकीच्या घरी सुखात राहू देत.

चित्रांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुमचा हात माझ्यापेक्षा बरा आहे. निबची रेघ तुमची स्वतःची आहे. पण पोरं उसनी आहेत. काळी वर्तुळं असलेले टप्पोरे डोळे, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, वाकडी धुराडी, एका चित्रात चक्क बर्फ. सर, नाशिकमध्ये बर्फ? निफाडला द्राक्षांवर दव गोठतं तेवढीच आपली मजल. बर्टनचे डोळे बर्टनकडे राहू देत. तुमच्या शहरात काय विचित्र आहे ते बघा. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, दुतोंड्या मारुती उभा आहे, पुढून एक तोंड, मागून एक, आणि अख्खं गाव पुराचं माप त्याच्या अंगावर घेतं. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. त्याच्या शेजारी दर पावसात हातभर वाढणारी एक मुलगी उभी करा, जिला नगरपालिकेनं पूरमापक म्हणून नेमलंय आणि सुट्टी देत नाहीत. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे कलते खांब, रंगपंचमीच्या रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याचे जुने हौद, तिथे उडी मारून वर न आलेला पण तळाशी मजेत असलेला कुणी. हे कुणाकडेच नाही.

आणि चित्रानं ओळीचं भाषांतर करू नये. तुमच्या प्रत्येक पानावर जे लिहिलंय तेच काढलंय. ओळ म्हणते 'घरी जेवले', तर मी जेवणारी माणसं काढली नाहीत. उंबऱ्याबाहेरच्या चपला काढल्या: तीन मोठे जोड आणि बोटभर लांबीचा एक. शेवटच्या पानावर बाप ढसढसा रडतो, तिथे बापाचा चेहरा नाही. त्याचे पाय आहेत, नव्या जोड्यांत, एका जोड्याला अजून किमतीचं लेबल लटकतंय. पाचव्या जोडओळीतले जोडे ज्याच्या लक्षात राहिले त्याला ते दिसतात. ज्याच्या राहिले नाहीत तो दुसऱ्या वाचनात बघतो. पोराचं तोंड मी पूर्ण पुस्तकात एकदाच काढलंय, आणि तेही पाठमोरं, म्हणजे कांद्याचा दांडाच.

पान उलटणं हे तुमचं हत्यार आहे, ते वाया घालवू नका. 'बाप धावला, उघडि कवाडे' ही ओळ उजव्या पानाच्या तळाशी. मग वाचक स्वतः कवाड उघडतो. उलटल्यावर डावं पान जवळजवळ कोरं, खालच्या कोपऱ्यात फट आणि हिरवा कोंब. आख्ख्या पुस्तकात हिरवा फक्त तिथे. तुम्ही सगळीकडे रंग भरलेत, काढून टाका. काळा आणि आणखी एक, बस. पैसेही वाचतात.

छपाईचं सांगते, थोडक्यात, कारण ते सोपं आहे. बत्तीस पानं धरा, सोळा-सोळाचे दोन फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेले गठ्ठे. रेघांची चित्रं १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके), शुद्ध काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करा, करड्या छटेत नको, रेघ केसाळ होते. छापखान्याला काळा फक्त काळ्या शाईतच हवा म्हणून लिहून द्या. तो चार रंगांत फोडला तर बारीक रेघेला इंद्रधनुष्याची कड येते. माझ्या पहिल्या पुस्तकाला आली होती आणि लोकांना ती शैली वाटली. दोनशे-तीनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल, हजाराच्या घरात गेलात तर ऑफसेट परवडतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. प्रकाशकाकडे जायचं तर बाराही पद्यं पाठवू नका, तीन पाठवा, चित्रांसकट, आणि एक छोटा नमुना हातानं शिवून द्या. पान उलटल्याशिवाय हे पुस्तक कळतच नाही. मुखपृष्ठावर 'आठ वर्षांपुढे' लिहा. त्यानं आयांची समजूत पटते आणि सहा वर्षांची पोरं चोरून वाचतात.

बर्टनच्या तीन पद्यांचं भाषांतर पुस्तकात घालायचं म्हणता, ते परवानगीशिवाय नाही. माणूस हयात आहे, आणि आपल्या कायद्यात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो. सुकुमार राय मोकळे आहेत, हॉफमन मोकळे आहेत. पण तुम्हाला कुणाचीच गरज नाही असं माझं मत. ती तीन पानं तुमच्याच नव्या पोरांना द्या.

आता चुंबकाकडे परत येते, कारण त्यात एक चूक आहे आणि त्या चुकीत तुमचा शेवट दडलाय. तुमच्या चित्रात त्याला स्टीलची ताटं, वाट्या, डबे चिकटलेत. घरातल्या स्टीलच्या डब्याला फ्रिजवरचा चुंबक लावून बघा. बऱ्याचशा डब्यांना तो चिकटतच नाही. आठ वर्षांचं पोर हे करून बघणार, आणि मग तुमचं काहीच खरं मानणार नाही. अशक्य गोष्ट एकच असावी. त्यापुढचं सगळं हिशेबानं चालावं. डोकं कांदा म्हटलं की कांदा रडवणार, साठवला जाणार, कोंब येणार. पोर चुंबक म्हटलं की खिळे येणार, विळी येणार, सायकली वळणार, कुलपं उघडायच्या आधी कड्या हलणार. पण तांबं येणार नाही. पितळ येणार नाही.

तुम्ही नाशिकचे आहात, भांडीबाजारातून हजारदा गेला असाल. तिथल्या एखाद्या जुन्या घरात एक आजी बसवा जिच्याकडे सगळं तांब्या-पितळेचं आहे. घंगाळ, बंब, समया, पितळी डबे. सून कधीपासून म्हणतेय, हे जुनं मोडीत काढा. अख्ख्या गावात हे पोर जिथे शिरलं तरी काहीच हलत नाही असं ते एकच घर. ते आत येतं, आणि सगळं जागच्या जागी राहतं.

ते पान आधी काढा. पोर पाटावर, हात गुडघ्यांवर, भिंतीवर सगळी भांडी स्थिर. आजीनं पाण्याचा तांब्या पुढे केलाय. तांब्याच्या पोटावर एक पोचा ठेवा, वापरातला वाटला पाहिजे. आणि उंबऱ्याबाहेर, अंगावरून झटकून ठेवल्यासारखे, दोन-तीन खिळे.